लिफ्ट केलेल्या पिकअपचे पुढचे कॉइलओव्हर बदलताना: गोव्यातल्या चालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृगाचे चार शिंतोडे पडले की ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. गाडी खड्ड्यात आपटते, पुढून टकटक वाजते, शॉकपमधून तेल गळतंय, कुठला घेऊ? सत्तरीत आमची काजूची बागायत आहे. तिथे पोचायला शेवटचे तीन किलोमीटर जांभ्याचा कच्चा रस्ता, त्यात दोन व्हाळ, म्हणजे ओढे. या रस्त्यावर आठ वर्षं मी इसुझू व्ही-क्रॉस चालवतो आहे आणि पुढचे शॉकप तीनदा बदलले आहेत. फोनवर दरवेळी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

कॉइलओव्हर म्हणजे नक्की काय? माझ्या गाडीत ते आहेत का?

शॉकॲब्सॉर्बर, म्हणजे आपल्या गॅरेजातला शॉकप, स्प्रिंगच्या पोटातून गेलेला असतो आणि दोन्ही मिळून एकच जोडणी होते. तिलाच कॉइलओव्हर म्हणतात. वरचं टोक चेसिसच्या टॉवरला, खालचं टोक लोअर आर्मला, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या आडव्या हाताला. गाडीच्या पुढच्या भागाचं वजन स्प्रिंग पेलते आणि स्प्रिंगची उसळी शॉकप आवरतो.

इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स आणि फॉर्च्युनर यांना पुढे डबल विशबोन, म्हणजे चाक धरणारे वर-खाली दोन आर्म (अपर आणि लोअर), आणि कॉइलओव्हर आहेत. २०२० च्या नव्या थारलाही पुढे हीच रचना आहे. त्याआधीच्या थारला पुढे टॉर्शन बार होता, जिप्सीला चारही बाजूंना कमानपाटे, आणि जिम्नीला अखंड ॲक्सलवर स्प्रिंग व शॉकप वेगवेगळे. या तिघींच्या मालकांना इथलं गंजाबद्दलचं आणि कायद्याबद्दलचं उत्तर उपयोगी पडेल, बाकीचं नाही.

गाडी आधीच लिफ्ट केलेली आहे. नवीन सेट मागवण्याआधी काय पाहायचं?

ती लिफ्ट, म्हणजे सस्पेन्शनमधून वाढवलेली उंची, कशी केली आहे ते. हा एक प्रश्न सोडवल्याशिवाय पैसे देऊ नका, विशेषतः गाडी जुनी घेतली असेल तर.

लिफ्ट तीन प्रकारे केलेली असते. पहिला प्रकार, शॉकपची वरची टोपी आणि टॉवर यांच्या मध्ये ॲल्युमिनियमची किंवा प्लास्टिकची जाड चकती. दुसरा, स्प्रिंग मूळचीच, पण खालची बैठक वर चढवून किंवा स्प्रिंगवर चकती घालून ती जास्त दाबलेली. तिसरा, मुळातच लांब शॉकप आणि वेगळी स्प्रिंग. पुढचं चाक पूर्ण एका बाजूला वळवा, टॉर्च घ्या आणि चाकाच्या कमानीत डोकं घालून टॉवरखाली पाहा. चकती असेल तर तिची कड दिसते. स्प्रिंगवर किंवा शॉकपच्या अंगावर क्रमांक छापलेला असतो. चिखल ओल्या फडक्याने पुसा आणि फोटो काढून ठेवा.

चकती किती फसवी असते हेही सांगतो. शॉकप लोअर आर्मच्या मधोमध कुठेतरी बसलेला असतो, चाक आर्मच्या टोकाला असतं. त्यामुळे शॉकप एक इंच हलला की चाक जास्त हलतं. शॉकपची चाल भागिले चाकाची चाल हे गुणोत्तर ०.६ धरलं, तर वर घातलेली २५ मिमीची चकती चाकापाशी सुमारे ४२ मिमी उंची देते.

माझ्या गाडीवर पहिल्या वेळी नेमकं हेच नडलं. मी ४० मिमी लिफ्टचा तयार सेट आणला. गॅरेजवाल्याने जुना शॉकप काढला, पण जुन्या मालकाने बसवलेली २५ मिमीची चकती टॉवरला तशीच ठेवून नवा सेट तिच्याखाली बसवला. पुढचा भाग मूळ उंचीपेक्षा आठ सेंटिमीटरहून जास्त वर गेला. गाडी देखणी दिसत होती आणि मला काही कळलं नाही. आठवडाभरात बागायतीच्या उतारावर चाक खळग्यात लोंबकळलं की वरच्या बाजूने लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज यायला लागला. अपर आर्म स्प्रिंगवर आदळत होता, स्प्रिंगचा रंग तिथे चमचाभर उडाला होता. दोन महिन्यांनी रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसची काळी फेक दिसली. सीव्ही जॉइंटचं, म्हणजे पुढच्या चाकाला ताकद पोचवणाऱ्या सांध्याचं, रबरी बूट फाटलं होतं आणि आत लाल माती गेली होती.

म्हणून काम सुरू होण्याआधी चारही चाकांपाशी माप घ्या. चाकाच्या केंद्रापासून फेंडरच्या कडेपर्यंत सरळ उभं अंतर, मिलिमीटरमध्ये, सपाट जागेवर. पेट्रोल पंपाचा काँक्रीटचा भाग चांगला. टाकी किती भरलेली होती तेही लिहा. टायरच्या हवेने या मापात फरक पडत नाही, म्हणूनच जमिनीपासून न मोजता केंद्रापासून मोजायचं.

किती उंची घ्यावी?

गोव्यात रोजच्या वापराच्या पिकअपला ४० ते ५० मिमी पुरे. या उंचीपर्यंत सीव्ही जॉइंट, स्टीअरिंगचे टाय रॉड आणि ब्रेकचे पाइप आपल्या हद्दीत राहतात. त्याहून वर गेलात की एकेक भाग बदलण्याची साखळी सुरू होते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. गाडीचं पोट मधोमध उचलायला सस्पेन्शनची लिफ्ट उपयोगी पडते, पण पुढचा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गोळा) चेसिसबरोबर वर जातो आणि मागचा मात्र ॲक्सलवर असल्यामुळे तिथेच राहतो. व्हाळातला दगड मागच्या डिफरन्शियलला लागायचा तो लागणारच. तिथे फक्त टायरचा व्यास कामी येतो.

स्प्रिंग कुठली निवडू? दुकानदार ‘हेवी ड्यूटी घ्या’ म्हणतो.

त्याला विचारा, किती किलोसाठी हेवी?

स्प्रिंग वजनासाठी निवडायची असते, उंची त्यातून आपोआप येते. माझ्या मते पुढच्या कॉइलओव्हरच्या खरेदीतला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे आणि नेमका हाच लोक दुकानदारावर सोडतात. चांगल्या कंपन्या एकाच गाडीसाठी दोन-तीन स्प्रिंगा देतात आणि प्रत्येकीपुढे कायमचं जादा वजन लिहितात: मूळ बंपर, किंवा बुलबार (पुढचा पोलादी संरक्षक बार), किंवा बुलबार आणि विंच (अडकलेली गाडी ओढणारं दोराचं यंत्र). यातला ‘कायमचं’ हा शब्द मोलाचा. महिन्यातून एकदा चार माणसं बसतात ते यात धरायचं नाही.

पोलादी बुलबार साधारण ४० ते ६० किलोचा असतो. पोलादी दोराची विंच ४० किलोपर्यंत जाते, सिंथेटिक दोराची बरीच हलकी. समजा दोन्ही मिळून ८५ किलो. हे वजन पुढच्या ॲक्सलच्याही पुढे लटकतं, त्यामुळे तरफेसारखं काम करतं. व्ही-क्रॉसचा व्हीलबेस ३०९५ मिमी आहे. वजन ॲक्सलच्या ८०० मिमी पुढे धरलं, तर पुढच्या ॲक्सलवर ८५ ऐवजी सुमारे १०७ किलो येतात आणि मागचा ॲक्सल २२ किलोंनी हलका होतो. म्हणजे पुढे प्रत्येक बाजूला ५३-५४ किलो.

आता स्प्रिंग ६०० पाउंड प्रति इंचाची असेल, म्हणजे सुमारे १०.७ किलो प्रति मिलिमीटर, तर चाकापाशी तिचा जोर तेवढा राहत नाही. गुणोत्तराचा वर्ग करून गुणायचं: ०.६ गुणिले ०.६ म्हणजे ०.३६. चाकापाशी उरले ३.८६ किलो प्रति मिलिमीटर. ५३-५४ किलो टाकले की नाक साधारण १४ मिमी खाली बसतं. ही आकडेमोड उदाहरणादाखल आहे, तुमच्या गाडीचं गुणोत्तर थोडं वेगळं असेल. पण यातून दोन गोष्टी दिसतात. बुलबार-विंच असलेल्या गाडीला मूळ वजनाची स्प्रिंग लावली तर विकत घेतलेली तिसरा हिस्सा लिफ्ट तिथेच गेली. आणि उलट, मोकळ्या गाडीला १०० किलोची स्प्रिंग लावली तर नाक नको इतकं वर राहतं, चाकाला खाली जायला जागा उरत नाही आणि फोंड्याच्या बाजारातला प्रत्येक गतिरोधक पाठीच्या मणक्यात कळतो.

‘दोन वर्षांनी विंच घेणार आहे’ म्हणून आजच जाड स्प्रिंग घेणाऱ्यांना मी थांबवतो. आज आहे त्या वजनाची घ्या. विंच आली की फक्त स्प्रिंग बदलता येते, शॉकप तोच राहतो.

प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते ना?

नाही. प्रीलोड म्हणजे बसवतानाच स्प्रिंग दाबून ठेवणं. साध्या, एकाच जाडीच्या स्प्रिंगचा कडकपणा त्याने बदलत नाही. कॉलर, म्हणजे स्प्रिंगखालची फिरती बैठक, वर फिरवली की गाडी उंच होते, एवढंच.

मग गाडी कडक का लागते? शॉकपची एकूण चाल ठरलेली आहे. समजा चाकाची पूर्ण चाल २०० मिमी आहे, त्यात वर जायला ११० आणि खाली लोंबकळायला ९०. प्रीलोडने ५० मिमी उंची काढली की वर १६० आणि खाली फक्त ४० उरतात. चाक खड्ड्यात उतरतं तेव्हा शॉकप लगेच पूर्ण ताणला जातो आणि आतून ‘टक्’ करून अडतो. तोच धक्का हाताला लागतो. एकूण चालीचा निदान तिसरा हिस्सा खाली लोंबकळण्यासाठी राखावा असं माझं मत आहे. उताराच्या, खळग्यांच्या रस्त्यावर टायर जमिनीला चिकटून राहतो तो याच हिश्श्यामुळे.

ट्विन-ट्यूब, मोनोट्यूब, फोम सेल, रिझर्व्हॉयर: आपल्याला काय हवं?

ट्विन-ट्यूबमध्ये एकात एक दोन नळ्या असतात. आतल्या नळीत पिस्टन फिरतो, जास्तीचं तेल बाहेरच्या नळीत जातं आणि तिथे वरच्या बाजूला कमी दाबाचा वायू असतो. दगड लागून बाहेरची नळी चेपली तरी पिस्टन चालू राहतो. दोष एवढाच, की सतत खडखडाटात तेल आणि वायू मिसळून फेस होतो आणि शॉकप ढिला पडतो. फोम सेलमध्ये वायूच्या जागी बंद छिद्रांचा फोम असतो, म्हणून फेस होत नाही.

मोनोट्यूबमध्ये एकच नळी. तेल आणि जास्त दाबाचा नायट्रोजन यांच्या मध्ये तरंगता पिस्टन असतो. फेस होत नाही, उष्णता थेट बाहेरच्या हवेत जाते, प्रतिसाद नेमका मिळतो. पण नळीला खोल चेप पडली की पिस्टन तिथेच अडकतो. रिझर्व्हॉयर म्हणजे बाजूला जोडलेली वेगळी बाटली: जास्त तेल, जास्त थंडावा.

तुमचा रस्ता कसा आहे त्यावर उत्तर अवलंबून आहे. गोव्यातला कच्चा रस्ता बहुधा छोटा असतो. बागायतीपर्यंत तीन किलोमीटर, कुळागरापर्यंत दोन, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. तेल तापून शॉकप ढिला पडायला तासन् तास वेगात खडखडाट लागतो, तसा स्पीतीत किंवा लडाखात मिळतो. २०१४ मध्ये रेनफॉरेस्ट चॅलेंज ही स्पर्धा गोव्यात पहिल्यांदा झाली तेव्हापासून आपल्याकडे स्पर्धेच्या गाड्यांचे शॉकप पाहून तसेच मागवण्याची हौस वाढली आहे. त्या गाड्या विंचेवर, चिखलात, अगदी संथ चालतात आणि प्रत्येक स्पर्धेनंतर उघडल्या जातात. आपली गाडी सोमवारी सकाळी मुलांना शाळेत सोडायची असते.

म्हणून रोजच्या वापराला चांगल्या दर्जाचा वायूचा ट्विन-ट्यूब किंवा फोम सेल, हे माझं स्पष्ट मत. वर्षातून दोन मोठे प्रवास हिमालयात किंवा कच्छात करत असाल तर मोनोट्यूब घ्या. रिझर्व्हॉयर तेव्हाच, जेव्हा तो उघडून तेल-सील बदलून देणारा माणूस तुम्ही आधी शोधला असेल. त्यात नायट्रोजन साधारण २०० पीएसआयच्या घरात भरावा लागतो, टायरवाल्याच्या नायट्रोजन मशीनने ते काम होत नाही.

गोव्याच्या हवेत कॉइलओव्हर किती टिकतात? गंजाचं काय करायचं?

परदेशी पानांवर हे उत्तर तुम्हाला मिळणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. एका बाजूला समुद्राची खारी हवा, दुसऱ्या बाजूला वर्षाला सरासरी ३००० मिमीच्या आसपास पाऊस आणि जांभ्याची बारीक लाल माती. ही माती ओली असताना लोण्यासारखी सगळीकडे शिरते आणि सुकली की सिमेंटसारखी बसते. सर्वांत जास्त कुठे बसते? स्प्रिंगच्या खालच्या बैठकीत. तिथे ती दसऱ्यापर्यंत ओल धरून ठेवते आणि पोलाद शांतपणे खाते.

माझा दुसरा सेट ॲल्युमिनियमच्या अंगाचा, आट्यांचा होता. कॉलर फिरवून हवी ती उंची, हे ऐकून मी भुललो होतो. एक पावसाळा गेला. नोव्हेंबरात उंची थोडी कमी करायला पाना लावला तर कॉलर हलेना. तारेच्या ब्रशने माती काढली, तर आट्यांमध्ये पांढरी भुकटी भरलेली दिसली. ॲल्युमिनियम, पोलाद आणि खारं पाणी एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजतं आणि ही भुकटी साचून कॉलर जाम होते. दोन दिवस गंजतेल सोडून, हलकेच ठोकून एक बाजू सुटली. दुसऱ्या बाजूच्या आटेच उखडले.

तिसरा सेट मी ठरलेल्या बैठकीचा घेतला. उंची एकदाच नीट ठरवायची आणि विसरायची. किनारपट्टीत राहणाऱ्या, वर्षातून एकदाही उंची न बदलणाऱ्या माणसाला आट्यांचा सेट घेण्याचं कारण मला दिसत नाही. घेतलाच, तर बसवण्याआधी आट्यांना अँटी-सीझ पेस्ट लावा आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर कॉलर एकदा मागे-पुढे फिरवा.

खालचा मोठा बोल्ट हा दुसरा शत्रू. शॉकपच्या टोकाच्या रबरी बुशच्या आतली पोलादी नळी आणि बोल्ट गंजून एकजीव होतात, मग पुढच्या वेळी कापण्याशिवाय गत्यंतर राहत नाही. बसवताना बोल्टच्या गुळगुळीत दांड्याला पातळ हाताने अँटी-सीझ लावायला सांगा. बोल्टच्या आट्यांना लावू नका, नाहीतर टॉर्कचा हिशोब चुकतो.

दांड्याकडे, म्हणजे शॉकपच्या चकचकीत रॉडकडे, दर महिन्याला नजर टाका. क्रोमवर टाचणीच्या टोकाएवढा तपकिरी ठिपका दिसला की तिथून खड्डा पडतो, तो खड्डा सील कापतो आणि तेल गळतं. धूळ-रबर फाटलं असेल तर आधी ते बदला, तेच स्वस्त आहे. टोकांना रबरी बुश असलेले शॉकप घ्या. स्पर्धेच्या शॉकपना असतात ती उघडी गोलाकार बेअरिंगं चिखलात लवकर घासतात आणि वाजायला लागतात.

धुताना पाइपचं गोडं पाणी, मंद धार, स्प्रिंगच्या बैठकीत भरपूर वेळ. प्रेशरची धार सीलवर मारू नका, ती माती आत ढकलते.

अपर आर्म बदलावे लागतील का?

४० मिमीपर्यंत बहुधा नाही. ५० मिमीपाशी अलाइनमेंट करून ठरवा. त्यापुढे हो.

उंची वाढली की अपर बॉल जॉइंट तिरका होतो आणि कॅस्टर, म्हणजे स्टीअरिंगच्या धुरीचा मागे कललेला कोन, कमी होतो. राष्ट्रीय महामार्ग ६६ वर ८० च्या वेगात गाडी किंचित भरकटते, वळणानंतर स्टीअरिंग स्वतःहून सरळ येत नाही, ही त्याची खूण. अलाइनमेंटवाल्याकडून आधीचा आणि नंतरचा छापील कागद घ्या. मूळच्या बोल्टवर कॅस्टर कंपनीच्या मर्यादेत बसत असेल तर आर्मवर खर्च करू नका. बसत नसेल तर टायर कडेने खाऊन संपण्यापेक्षा आर्म स्वस्त पडतात.

एकाच बाजूचा शॉकप गळतोय. तेवढाच बदलला तर?

जोडीनेच बदला. नवा आणि थकलेला शॉकप एकत्र असले की ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते.

गाडी एका बाजूला थोडी झुकलेली दिसते. नवीन सेट खराब आहे का?

आधी कामाच्या आधीचं माप काढा. चालक, बॅटरी, डिझेलची टाकी यांचं वजन सारखं वाटलेलं नसतं, त्यामुळे कित्येक गाड्या कंपनीतूनच काही मिलिमीटर झुकलेल्या असतात. काही सेटमध्ये डाव्या आणि उजव्या स्प्रिंगची लांबी मुद्दाम वेगळी असते, आणि त्या उलट बसवल्या की झुकाव दुप्पट होतो. स्प्रिंगवरचा क्रमांक कागदाशी पडताळा. दहा मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर एका बाजूला पातळ पॅकर (चकती) घालता येतो.

क्रमांक पाहून परदेशी संकेतस्थळावरून मागवू का?

मागवा, पण वर्षावर विसंबू नका. परदेशी यादीत २०२१ चा डी-मॅक्स म्हणजे नव्या पिढीची गाडी. आपल्याकडे २०२१ मध्ये आलेली १.९ लिटरची व्ही-क्रॉस जुन्याच पिढीची आहे. वर्ष पाहून मागवणाऱ्याला चुकीचा सेट मिळतो. हायलक्स आणि फॉर्च्युनर एकाच चेसिस-कुटुंबातल्या, तरी पुढच्या वजनात फरक आहे, म्हणून शॉकप बसला तरी स्प्रिंग वेगळी लागू शकते. विक्रेत्याला चेसिस क्रमांक आणि जुन्या शॉकपचा फोटो पाठवा आणि उत्तर लेखी घ्या.

कुठली कंपनी चांगली?

नावापेक्षा रचना वाचायला शिका. ओल्ड मॅन इमूचा नायट्रोचार्जर ट्विन-ट्यूब आहे आणि त्याच घराचा बीपी-५१ आतल्या बायपासचा, म्हणजे तेलाला आतूनच पळवाटा असलेला. आयर्नमॅनचा फोम सेल प्रो नावाप्रमाणेच फोमचा. बिलस्टीनचा ५१०० हा ४६ मिमी पिस्टनचा मोनोट्यूब, ६११२ हा ६० मिमीचा. फॉक्स आणि किंगच्या नावातले २.० किंवा २.५ हे आकडे अंगाचा व्यास इंचात सांगतात. सगळे सगळ्या गाड्यांना मिळत नाहीत. माझी कसोटी साधी आहे: सुटं सील, बुश आणि वरचा माउंट भारतात मिळतो का, आणि विक्रेता तुमच्या बुलबारचं वजन विचारतो का. जो वजन न विचारता किंमत सांगतो त्याच्याकडून मी घेत नाही.

बसवताना गॅरेजात उभं राहून काय पाहू?

स्प्रिंग दाबण्याचं साधन. स्प्रिंग दाबून टोपीचा नट सोडायचा असतो आणि त्या क्षणी तिच्यात माणसाचा जीव घेण्याएवढा जोर असतो. दोन हुकांचं, वाकलेले आटे असलेलं साधन दिसलं तर काम थांबवा. शक्य असेल तर कंपनीतूनच जोडून आलेला सेट घ्या, तो सरळ टॉवरला चढतो.

दुसरं, आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायचे. गाडी हवेत असताना आवळले की बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. तिसरं, चाक पूर्ण लोंबकळत ठेवून स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवायचं आणि ब्रेकचा पाइप, एबीएसची वायर ताणली जात नाही ना ते पाहायचं. जुन्या चकत्या बाकावर काढून ठेवलेल्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. मग अलाइनमेंट, हेडलाइटचा झोत खाली, आणि ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने.

हे कायद्यात बसतं का? विम्याचं काय?

खराब शॉकपच्या जागी मूळ मापाचा बसवणं ही दुरुस्ती आहे. गाडीची उंची बदलणं हा वेगळा विषय. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ कंपनीने नोंदलेल्या तपशिलाविरुद्ध बदल करायला मनाई करतं आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. वाहतूक कार्यालयात आधी विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवलेल्या बदलावर बोट ठेवून दावा नाकारला गेला तर तुमच्याबरोबर समोरच्या जखमी माणसाचंही हाल होतं.

नवा सेट बसवला. समुद्रकिनाऱ्यावर चाचणी घेऊ?

नाही. गोव्यात किनाऱ्यावर गाडी चालवायला बंदी आहे, आणि खारी वाळू नव्या सीलला सर्वांत वाईट. म्हादईच्या किंवा इतर अभयारण्याच्या हद्दीतही परवानगीशिवाय जाऊ नका. स्वतःची किंवा ओळखीच्याची बागायत, एखादा चढ, एक व्हाळ, एवढं चाचणीला पुष्कळ आहे.

काढलेले मूळ शॉकप विकून टाकू?

चांगले असतील तर ठेवा. नवा सेट सील बदलायला बाहेर पाठवला की तीन-चार आठवडे गाडी उभी राहते, आणि काजूच्या हंगामात ते परवडत नाही. माती पूर्ण धुऊन, सावलीत वाळवून, रॉडला ग्रीसचा पातळ थर द्या. डावा-उजवा असं रंगाने लिहा. ट्विन-ट्यूब असतील तर आडवे न टाकता उभे ठेवा. सोबत टॉवरचे मूळ नट एका पिशवीत बांधून त्याच स्प्रिंगला अडकवून ठेवा, कारण ऐन वेळी नेमके तेच सापडत नाहीत.